कॉम्बो : सवलत कुणाला?

हल्ली स्वस्ताईने 'कॉम्बो' हे नवे नाव धारण केले आहे. हॉटेलात कॉम्बो, सिनेमागृहात कॉम्बो आणि सिकंदराबादेत पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे आपल्या सर्वांच्या 'सीटीसी'त गेलात, तर संगणकाचाही कॉम्बो! प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकत्र घ्या, दोन हजार कमी. कॅबिनेटही घ्या, आत एसएमपीएस मुफ्त. सुटे भाग जुळवून घरचा संगणक उभा करणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात कमी नाहीत. आमच्यासारख्या घरांत त्यासाठीचे तीस-चाळीस हजार रुपये वडिलांच्या बोनसमधून वा आईच्या भिशीतून येतात. म्हणून या सवलतीकडे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तरी जरा हिशेबी नजरेने पाहावे, असे मला वाटते.

कॉम्बो म्हणजे फसवणूकच, असे माझे म्हणणे मुळीच नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर एका प्रकारच्या सॉकेटात बसतात, तर एएमडीचे दुसऱ्या प्रकारच्या. डीडीआर-४ ची रॅम डीडीआर-५ च्या खाचेत शिरत नाही. नवख्याला हे जुळवून देणे ही दुकानदाराची सेवा आहे, आणि सेवेला मोल असणारच. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे त्रिकूट एकत्र घेण्यात म्हणूनच काही अर्थ आहे. पण कॅबिनेट, कीबोर्ड, स्पीकर यांनी त्या मोळीत का शिरावे?

याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. समजा, रमेश प्रोसेसरसाठी जास्तीत जास्त १०,००० आणि कॅबिनेटसाठी ४,००० रुपये द्यायला तयार आहे. सुरेशची तयारी प्रोसेसरसाठी ८,००० आणि कॅबिनेटसाठी ६,००० अशी आहे. दोन्ही वस्तू दोघांनाही सुट्या विकायच्या, तर दुकानदाराला प्रोसेसरचा भाव ८,००० आणि कॅबिनेटचा ४,००० ठेवावा लागेल. म्हणजे प्रत्येकी १२,०००. आता तो काय करतो पाहा. सुट्या वस्तूंवर १०,००० आणि ६,००० च्या चिठ्ठ्या लावतो आणि कॉम्बोवर १४,०००. 'दोन हजारांची बचत!' असे वाचून दोघेही आनंदाने १४,००० मोजतात. ज्याला ते बचत समजतात, ते वस्तुतः दुकानदाराच्या गल्ल्यात प्रत्येकी दोन हजार जास्त पडणे होय. अ‍ॅडम्स आणि येलेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ साली एका निबंधात अशा एकगठ्ठा विक्रीचे विवेचन केले, तेव्हा सीटीसीतील कॉम्बो त्यांच्या स्वप्नातही नसेल; पण गणित तेच आहे. यात लबाडी नाही, व्यापार आहे. मात्र सवलत ज्या भावावरून मोजली, तो भाव खरा की फलकापुरता, हे पाहायला कुणी थांबत नाही.

दुसरी गोष्ट पडून राहिलेल्या मालाची. माझ्या वर्गातील एका मित्राला शहरातील एका दुकानात 'आय-५ कॉम्बो' फार स्वस्तात मिळाला. आय-५ म्हटले की आपल्याला उत्तमच वाटते. परंतु कोअर आय-५ हे नाव २००९ पासून चालत आलेले आहे. या गृहस्थाच्या पदरात पडला तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा प्रोसेसर, जोडीला एच-६१ या २०११ सालच्या चिपसेटचा कोऱ्या खोक्यातील बोर्ड आणि डीडीआर-३ रॅम. खोके नवे, पण आतले तंत्र तपापूर्वीचे! विंडोज-११ ला इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज-१० ला मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लिनक्सवर हे यंत्र चालेल, वापरातही येईल. पण घेताना हे सांगितले गेले असते, तर मित्राने तेवढे पैसे मोजले असते काय?

एका अक्षराने घात होतो तो वेगळाच. इंटेलच्या १२४००एफ मधील 'एफ'चा अर्थ असा की त्यात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडदा काळाच राहणार. कॉम्बोत हा प्रोसेसर स्वस्त दिसतो, आणि पुढे कार्डासाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो. 'मुफ्त' एसएमपीएसचेही तसेच. लेबलावर '४५० वॅट' ठळक असते; पण १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले असेल, तर गुणाकार २१६ वॅटच येतो. प्रोसेसर आणि कार्ड यांना लागणारी वीज मुख्यतः त्या १२ व्होल्टच्या मार्गानेच जाते. पस्तीस हजारांच्या यंत्राचा जीव या फुकटच्या डब्यावर टांगून ठेवणे मला तरी पटत नाही.

सवलतीच्या कॉम्बोचा एक सख्खा भाऊ आहे. त्याचे नाव सक्ती. मराठवाड्यात ज्यांचे नातेवाईक शेती करतात त्यांना 'लिंकिंग' हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. ऐन पेरणीत डीएपी किंवा युरिया हवा तर नको असलेली दुसरी खते, औषधेही घ्या, नाहीतर पोते मिळणार नाही! माझे मामा नांदेडकडे शेती करतात. दर पावसाळ्यात हीच रडकथा ऐकतो. बिदर-गुलबर्ग्याकडील कन्नड मित्रांचा अनुभव फारसा वेगळा नसावा. २०२१ साली जगभर ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेतही कार्ड हवे तर बोर्ड किंवा एसएमपीएस सोबत घ्या, असा प्रकार चालला. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक-केंद्रांनी स्मृतीच्या चिपा ओढून घेतल्या. डिसेंबरात तर मायक्रॉन कंपनीने 'क्रूशिअल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदाच आवरता घेण्याचे जाहीर केले. अशा टंचाईत 'रॅम सुटी मिळणार नाही, बोर्डाबरोबरच मिळेल' असे म्हणण्याचा मोह कोणाही व्यापाऱ्याला व्हावा.

एकत्र घेतल्यास सूट, हा व्यापार झाला. एक वस्तू हवी म्हणून दुसरी घ्यायलाच लावणे ही मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे निर्बंधक व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा त्याच कायद्याने अनुचित प्रथा आहे. आणि इथे मला विद्यार्थ्यांवरही रागवायचे आहे! 'बिल नको असेल तर जीएसटीचे अठरा टक्के सोडतो' असे कुणी म्हणाला की आपण खूश. सहा महिन्यांनी बोर्ड बंद पडला की वॉरंटी कशाच्या जोरावर मागणार? बिल असले तरी त्यावर 'कॉम्बो, १ नग' एवढेच लिहिलेले असेल, तर कोणत्या भागाचे किती पैसे दिले आणि कोणत्या भागाची हमी किती वर्षांची, याचा पत्ता लागत नाही. बंद डब्यातील इंटेल प्रोसेसरला सहसा कंपनीची तीन वर्षांची हमी असते. 'ट्रे' म्हणून सुटा येणाऱ्याची जबाबदारी विकणाऱ्यावर. मोळीत यांतला कोणता बांधला, हे बिलावरूनच कळायला हवे. प्रत्येक भागाचे नाव, अनुक्रमांक आणि वेगळी किंमत लिहून मागावी. जो दुकानदार हे हसतमुखाने लिहून देतो, त्याचा कॉम्बो खुशाल घ्यावा.

किमती वेगळ्या केल्याने व्यापार बुडतो, हा युक्तिवाद जुना आहे. पूर्वी आयबीएम आपल्या यंत्राबरोबरच सॉफ्टवेअर व सेवा देत असे, त्यांचे वेगळे दाम नव्हते. १९६९ साली तिने ते वेगळे आकारण्याचे जाहीर केले. त्यामुळे व्यापार बुडाला तर नाहीच, उलट नुसते सॉफ्टवेअर विकून जगता येते हे इतरांना दिसले. आमच्या हायटेक सिटीच्या मुळाशी थोडीशी ती घटनाही आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

असो. आपल्या वाणिज्य मंडळाला माझी एक सूचना आहे. दर महिन्याला दोघा-तिघांनी सीटीसीत जाऊन प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस आणि कॅबिनेट यांचे सुटे भाव निदान चार दुकानांतून लिहून आणावेत, त्यांच्याशेजारी त्याच दुकानांचे कॉम्बोचे भाव मांडावेत आणि तो तक्ता सूचनाफलकावर लावावा. मराठीतला तक्ता मी लिहीन. कन्नड विभागातून कुणीतरी पुढे यावे. तेलुगूसाठी तर अर्धा वर्ग तयारच आहे.