निवेदन : जुन्या नोंदींवरून वस्त्यांत होणारी धरपकड थांबविणे व हिस्ट्रीशीटची तपासणी करणेबाबत

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव,
गृह विभाग, मंत्रालय, मुंबई
(मार्फत : मा. तहसीलदार, नवापूर, जि. नंदुरबार)

विषय : आदिवासी व विमुक्त वस्त्यांतील धरपकड, हिस्ट्रीशीटची तपासणी आणि गुन्ह्यांची आकडेवारी पूर्ण स्वरूपात जाहीर करणेबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची सर्व निवेदने (पोचपावत्यांच्या प्रती सोबत).

महोदय,

आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे नवापूर तालुक्यातील भिल्ल, मावची, कोकणी व पारधी समाजातील रहिवासी आपणास सविनय निवेदन सादर करतो की, याच विषयावर आम्ही यापूर्वी वारंवार लेखी दिले आहे. प्रत्येक वेळी कागदावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडला. एकदा शिष्टमंडळाला चर्चेस बोलावून पावसाळ्यापूर्वी हिस्ट्रीशीटच्या (संशयितांच्या पोलीस नोंदींच्या) याद्या तपासू, असा शब्द देण्यात आला. पावसाळा गेला, ऊसतोडीचा हंगामही उलटला. म्हणून हे निवेदन आपणाकडे.

महामार्गावर ट्रकमधून माल गेला, रेल्वेत कुणाची बॅग गेली किंवा शेतातून मोटारपंप गेला, की पहाटे पोलिसांची गाडी आमच्याच वस्तीत येते. ‘साहेबांनी बोलावलंय, दोन मिनिटांचं काम आहे,’ एवढेच सांगितले जाते. माणूस दोन-दोन दिवस परत येत नाही. बायको भाकरी बांधून ठाण्याबाहेर बसते. आत विचारले तर ‘इथे कुणाला आणलेलं नाही’. स्टेशन डायरीत नोंद नसते, अटक दाखवलेली नसते, सोडतानाही कागद मिळत नाही. बुडालेल्या मजुरीबद्दल कुणाकडे दाद मागावी? त्याला बोलावलेच नव्हते, असेच दप्तर सांगते.

चोरी उघडकीस आली नाही, तरी त्या माणसावर चॅप्टर केस (प्रतिबंधक कारवाई) होते. बाँड लिहून घेतात, तारखा लागतात. दिवाळीनंतर तो मुकादमाची उचल फेडायला बायको-मुलांसह बारडोली, सुरतकडे ऊसतोडीला जातो. तारीख चुकते, वॉरंट निघते आणि दप्तरात तो ‘फरार’ होतो. तो कोणत्या कारखान्याच्या फडात कोयता चालवतो आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक असते, मुकादमाच्या वहीत त्याचे नाव असते. पण समन्स बंद झोपडीवर चिकटवले, की काम झाले. होळीला माणूस घरी येतो, तेव्हा त्याला वस्तीतून उचलतात आणि फरार आरोपी पकडल्याची नोंद होते. पुढच्या चोरीत त्याचेच नाव सर्वांत वर, कारण तो ‘मागे फरार होता’. मूळ चोरी त्याने केली की नाही, हे अजून कुणी सिद्ध केलेले नाही. एका संशयाच्या चार नोंदी झाल्या आणि त्या चार नोंदींवरून आमची वस्ती ‘गुन्हेगार वस्ती’ ठरली.

हे आम्ही तोंडी मांडले तेव्हा उत्तर मिळाले की, जिल्ह्यात आदिवासीच जास्त, तर यादीतही तेच असणार. 2011च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात 100 पैकी 69 माणसे अनुसूचित जमातीची आहेत, हे आम्हालाही माहीत आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. बोलावले किती, त्यांपैकी अटक किती, दोषारोपपत्र किती जणांवर गेले आणि शिक्षा किती जणांना झाली? हे चारही आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत. पहिला आकडा मोठा आणि शेवटचा नगण्य निघाला, तर त्या यादीतून आमची गुन्हेगारी दिसते की ठाण्याची सवय, ते आपणच ठरवावे. देशाच्या तुरुंगांत 2022 अखेर 100 पैकी सुमारे 76 कैदी कच्चे (खटल्याचा निकाल न लागलेले) होते, आणि कैद्यांतील आदिवासींचा वाटा त्यांच्या लोकसंख्येतील वाट्याहून जास्त होता. तो वाटा असा एकेका नोंदीने वाढतो.

1871पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला; वस्तीवर येणाऱ्या गाडीला ते अजून कळलेले दिसत नाही. मा. सर्वोच्च न्यायालयाने दि. 7 मे 2024 रोजी सर्व राज्यांना सांगितले की, मागास व विमुक्त समाजातील निरपराध माणसांची नावे हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढणार नाहीत हे पाहावे आणि नोंदी वरिष्ठ अधिकाऱ्याकडून वेळोवेळी तपासाव्यात. त्यासाठी सहा महिने दिले होते. ते कधीच संपले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी त्याच न्यायालयाने तुरुंगातील नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढायला लावला. आमच्या तालुक्यात यांपैकी काय झाले, या प्रश्नाला आजवर एका ओळीचे उत्तर आलेले नाही.

चुकीच्या संशयाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. 2003मधील एका गुन्ह्याच्या खटल्यात भटक्या समाजातील सहा जणांना फाशी सुनावली गेली. मार्च 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले व प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. तोवर 16 वर्षे गेली होती. आमच्या शेजारच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. पोलिसांच्या दप्तरात जो समाज कायम संशयित असतो, त्याच्याविषयीची अफवा लवकर खरी मानली जाते.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. तालुक्यातील प्रत्येक हिस्ट्रीशीटची वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत तपासणी करावी. शिक्षा न झालेल्यांची नावे वगळावीत व वगळल्याचे पत्र त्या व्यक्तीच्या हाती द्यावे. तपासणीच्या वेळी ग्रामसभेचा प्रतिनिधी हजर असावा. बोलावलेल्या प्रत्येकाची वेळेसह डायरीत नोंद व्हावी आणि सोडताना लेखी पोच मिळावी. वर मागितलेले चार आकडे दर तीन महिन्यांनी तहसील कार्यालयाच्या फलकावर लावावेत.

2. ऊसतोडीच्या काळातील समन्स मुकादमामार्फत बजावावे. त्याआधी कुणालाही फरार दाखवू नये.

3. जबाब भिली, मावची, कोकणी जाणणाऱ्यासमोर घ्यावा व वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये.

4. सुटकेस पात्र कच्च्या कैद्यांची यादी जाहीर करावी.

5. जामिनासाठी वनपट्टाधारकाची हमी स्वीकारण्याबाबत शासनाने भूमिका घ्यावी.

ज्यांच्या बाबतीत हे घडले त्यांची नावे व ठाण्याचे नाव सोबतच्या बंद पाकिटात आहे. उघड लिहिली, तर पुढच्या चोरीत हीच नावे पहिली येतील, असा आमचा अनुभव आहे.

‘लवकरच बैठक घेऊ’ हे उत्तर कृपया पुन्हा देऊ नये. तपासणी कोण करणार व कोणत्या तारखेपर्यंत, एवढे 30 दिवसांत लेखी कळवावे. अन्यथा नवापूर तहसील कार्यालयासमोर लोकशाही मार्गाने बेमुदत धरणे धरण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील.

कळावे,

आपले विश्वासू,
नवापूर तालुक्यातील रहिवासी
(सह्या व अंगठ्यांची यादी सोबत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार
मा. पोलीस अधीक्षक, नंदुरबार