वेठीची वर्दी



दर दोन-चार वर्षांनी ही टूम निघते. पोलीस कमी पडतात, साहेब लोक टेबलाला चिकटलेत, कागद रंगवण्यात त्यांचा दिवस जातो. तेव्हा नागरिकांतून स्वयंसेवक पोलिसांचं राखीव दल उभं करा, टेबलाची कामं त्यांच्यावर टाका आणि अधिकारी रस्त्यावर सोडा. ऐकायला गोड वाटतं. आपल्यातलीही काही पोरं भाळलीत. मागच्या रविवारी दांड्यात वलांडीवर बोंबील सुकत होते, त्याच्या बाजूच्या कट्ट्यावर एकानं मला विचारलंच, "अरे, फुकट का होईना, वर्दी मिळतीय. वस्तीत वट राहील. तुझ्या पोटात का दुखतं?"

का दुखतं ते लिहितो.

मी आठवडाभर भिवंडीला साच्यावर असतो. बारा तासांची पाळी. रविवारी खारदांड्याला घरी येतो, तेव्हा आईचं औषध, रॉकेलच्या जमान्यातली भांडणं अन् झोप यातून एक कविता सुटली तर सुटली. मी स्वयंसेवा कुठनं करू? स्वयंसेवक तोच होणार ज्याच्या पोटाची सोय आधीच झालीय. कार्टर रोडला सकाळी कुत्रं घेऊन फिरणारा, मंडळाचा अध्यक्ष, बिल्डरचा पुतण्या, रिटायर झालेला हेडक्लार्क. टेबल त्यांना मिळेल. अन् हजेरीवर जगणारं आपलं पोरगं गेलंच तिथं, तर त्याच्या हातात शिट्टी देतील आणि उन्हात बॅरिकेडपाशी उभं करतील. दलातसुद्धा सावली कुणाची आणि ऊन कुणाचं, हे जन्मावरून ठरलेलं.

आणि हे काही नवीन नाही, दोस्तांनो. आपले आजे-पणजे स्वयंसेवक पोलीसच होते! रात्री वेशीवर कोण जागायचं? येसकर. चोराचा माग कोण काढायचं? सरकारी खजिन्याबरोबर कोसन् कोस कोण चालायचं? साहेबाचं सामान कोण वाहायचं, माणसं चावडीवर कोण बोलावून आणायचं? महार. पाटील-कुलकर्णी चावडीत बसलेले, महार पळतोय. पगार काय, तर बलुतं अन् तुकडाभर वतनाची जमीन. घरचा बाप्या आजारी असला तर बाईनं नाहीतर पोरानं जायचं, कारण वतन एकट्याचं नव्हतं, सगळं घरच बांधलेलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं. वतन मोडायचा कायदा आला १९५८ ला, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. तीस वर्षं लागली फुकटची पोलिसगिरी अंगावरनं उतरवायला. आता तीच वर्दी इस्त्री करून परत देतायत आणि आपण मापं देतोय.

बाबासाहेबांनी मागितलं काय होतं? १९२८ लाच सायमन कमिशनपुढच्या निवेदनात त्यांनी लष्कर, आरमार आणि पोलीस यांत अस्पृश्यांना भरतीचा हक्क मागितला. भरती म्हणजे पगार, बढती, पेन्शन. सेवेची संधी असलं काही त्यांनी मागितलं नव्हतं. सेवा तर आपण हजार वर्षं करतच होतो.

आता होमगार्डचं बघा, कारण स्वयंसेवक पोलीस म्हणजे काय हे बघायला परदेशात जायची गरज नाही. हे दल मुंबईतच जन्मलं. ६ डिसेंबर १९४६. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई इलाख्याचे गृहमंत्री, जातीय दंगे पेटलेले, पोलिसांना जोड म्हणून हे दल काढलं. पुढल्या वर्षी, १९४७ ला, कायदा झाला. तारीख परत वाचा. ६ डिसेंबर! दहा वर्षांनी त्याच तारखेला बाबासाहेब गेले. माझा एक दोस्त होमगार्ड आहे. आपण चैत्यभूमीच्या रांगेत असतो, तो शिवाजी पार्कला दोरी धरून उभा असतो. त्याच्या दलाचा वर्धापनदिन आणि त्याच्या बापाचा महापरिनिर्वाण दिन. मी म्हटलं, तुझ्यावर कविता करतो. तो म्हणाला, कविता नको, तीस दिवसांची ड्यूटी दे.

दलाचं ब्रीद काय? निष्काम सेवा. फळाची आशा न धरता काम कर. हे कुठल्या पोथीतनं आलंय ते तुम्हाला सांगायला नको. हुद्दा काय? मानसेवी. म्हणजे मान घे अन् सेवा कर. पगार नाही, भत्ता. बोलावलं तर भत्ता, नाही बोलावलं तर घरी बस. ११ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं हिमाचलच्या होमगार्डांच्या खटल्यात सांगितलं की हे कायम नोकर नाहीत, पण भत्ता इतका द्या की तीस दिवसांचा हिशेब शिपायाच्या किमान पगाराएवढा होईल. महाराष्ट्रात कर्तव्य भत्ता दिवसाला ५७० वरनं १०८३ रुपये व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. साडेनऊ वर्षं! आणि गोळीला मानसेवी कळत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या शहिदांत पोलिसांच्या बरोबरीनं मुकेश जाधव हे होमगार्डही आहेत.

त्या रात्रीनंतर आमच्या किनाऱ्यावरही स्वयंसेवक हवे झाले. सागर रक्षक दल. कोळ्यांनो, तुम्ही समुद्राचे डोळे आणि कान व्हा. अरे, डोळे-कान होतेच की! बधवार पार्कच्या कोळीवाड्यात ते दहाजण उतरले तेव्हा माणसांनी त्यांना पाहिलं, हटकलंसुद्धा. राज्याला गरिबाचे डोळे पाहिजेत, कान पाहिजेत, पाय पाहिजेत. पोट नको.

बरं, आता टेबलाकडे वळतो, कारण खरी गोम तिथं आहे. अधिकाऱ्याला लिहिण्यातून मोकळं करा म्हणतात. कुणाला त्रास होतो त्या लिहिण्याचा? आपल्याला तर ते लिहिणंच पाहिजे असतं! आपली सगळी लढाई त्या टेबलावर सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथंच मरते. माझ्या चुलतभावाला पाणवठ्यावरनं मारलं, गावाकडे. आम्ही ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तुमच्या तालुक्यातलंही तसंच असेल. साडेतीन तास बसवलं. मग एकानं ऐकत ऐकत लिहिलं आणि कागद हातात दिला, अदखलपात्र. "किरकोळ बाचाबाची". जी शिवी जातीवरनं दिली होती ती कागदावर नव्हतीच. डोक्याला सात टाके होते, तेही नव्हते. सही दुसऱ्यानंच केली होती, त्यानं आमचं तोंडही बघितलं नव्हतं. काठीनं मोडलेलं हाड जुळतं. लेखणीनं गाळलेला शब्द कोर्टात परत येत नाही.

म्हणून ॲट्रॉसिटीचा कायदा लेखणीला धरतो. १९८९ च्या कायद्याचं कलम ४, त्यात २०१६ च्या २६ जानेवारीपासून लागू झालेली दुरुस्ती, हे तोंडपाठ करा. फिर्याद तोंडी दिली तर ठाण्याच्या अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची, सही घेण्याआधी वाचून दाखवायची, नक्कल फुकट द्यायची. जाणूनबुजून टाळलं तर सहा महिने ते वर्षभर कैद. तपास कुणी करायचा? १९९५ च्या नियमांत लिहिलंय, उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी चालणार नाही. कायदा म्हणतो, मोठ्या साहेबा, तू स्वतः बस, तू स्वतः लिही. आणि ही योजना म्हणते, साहेबांना लिहिण्यातून सोडवा! उद्या शब्द गळाला तर साहेब म्हणेल, स्वयंसेवकानं लिहिलं. स्वयंसेवक म्हणेल, मी तर फुकट करतो, मला काय समजतं. कलम ४ कुणाच्या गळ्यात घालणार?

टेबल सोडून रस्त्यावर आलेला पोलीस तर आपण पाहिलाच आहे. १९७४ च्या जानेवारीत वरळीला पाहिला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पाहिला. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून माणसं जमली, राखीव दलानं गोळ्या घातल्या, दहाजण मेले. फौजदाराला जन्मठेप झाली २००९ ला, बारा वर्षांनी, आणि पुढं हायकोर्टातनं जामीन. तिथं मनुष्यबळ कमी पडलं होतं असं कुणी म्हणेल काय?

स्वयंसेवकाच्या हातात बंदूक दिली की काय होतं तेही झालंय. छत्तीसगडात आदिवासी पोरांना महिना तीन हजारावर विशेष पोलीस अधिकारी केलं आणि आदिवासींवरच सोडलं. ५ जुलै २०११ ला सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं. समतेच्या आणि जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे म्हणालं. मरायला स्वस्त माणसं लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

कट्ट्यावरचा तो दोस्त हुशार आहे. म्हणाला, "मग समता सैनिक दल काय पगारी होतं?" नव्हतं. १९२७ पासून ते आपलंच आहे, आणि आजही ६ डिसेंबरला लाखोंची गर्दी आवरताना आपल्या पोरी-पोरं दिसतात, पदरचं खाऊन. पण ते कुणाची रिकामी जागा भरायला उभे राहत नाहीत. सरकारनं पगार वाचवावा म्हणून ते दल निघालं नाही. आपलं डोकं फुटू नये म्हणून निघालं. हा फरक ज्याला दिसत नाही त्यानं येसकराच्या काठीकडे एकदा नीट बघावं.

कारकुनी फार झालीय, हे मलाही मान्य. समन्स वाटणं, मुद्देमालाच्या वह्या, संगणकात भरणं, यासाठी कायम पगारी कारकून नेमा. आरक्षणासकट. टायपिंग झालेल्या आपल्या पोरी घरात बसल्यात, त्यांना बोलवा. तपासाचा अधिकारी मंत्र्याच्या बंदोबस्तातून सोडवा, बंगल्यावरच्या भाजीच्या पिशव्यांतून शिपाई सोडवा. शिपायांच्या रिकाम्या जागा भरा. २०२३ साली मुंबईत मनुष्यबळ कमी म्हणून सुरक्षा महामंडळाची तीन हजार माणसं कंत्राटावर घ्यायचं ठरलं होतं. कंत्राटात आरक्षण कुठलं? आधी कंत्राटी, मग मानसेवी, मग निष्काम. जिना खालीच चाललाय.

दोस्त थोडा वेळ गप्प होता. मग खिशातनं त्यानं फॉर्म काढला, पोलीस मित्राचा, अर्धा भरलेला. व्यवसायाच्या रकान्यात "बेकार" लिहिलं होतं. मी म्हटलं, दे इकडं. पाठच्या कोऱ्या बाजूला कलम ४ लिहून दिलं, पोटकलमांसकट. येत्या सोमवारी एका बाईची फिर्याद द्यायला तो ठाण्यात जाणार आहे. मी पाळी बदलून घेतलीय.