एकविसावी आवृत्ती, पण कितीची?

महिन्यातून एकदा भरणाऱ्या आमच्या वाचनकट्ट्यावर पुढचे पुस्तक ठरत होते. दोन कादंबऱ्या समोर होत्या. एकीवर ‘एकविसावी आवृत्ती’, दुसरीवर ‘तिसरी आवृत्ती’. चर्चा पाच मिनिटेही चालली नाही. एवढ्या लोकांनी वाचले ते काही उगीच नाही, असे एकाने म्हटले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. एवढ्या म्हणजे किती, हे कोणी विचारले नाही. विचारून उपयोगही नव्हता. शीर्षकपानामागच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता होता. अक्षरजुळणी कोणाची, मुखपृष्ठ कोणाचे, छपाई कुठली, सगळे होते. आयएसबीएन होता. मजकूर परवानगीशिवाय वापराल तर खबरदार, असा दमही होता. प्रतींचा आकडा मात्र दोन्हींत नव्हता.

एकवीस आवृत्त्या तीनशेच्या असतील तर त्या ६३०० प्रती झाल्या. तीन आवृत्त्या तीन हजारांच्या असतील तर ९०००. कोणते पुस्तक जास्त खपले, हे त्या दोन ओळींवरून कळूच शकत नाही. तरी निवड त्यांवरच झाली.

पोती किती हे सांगायचे आणि पोत्यात किती हे सांगायचे नाही, असा हिशेब धान्यबाजारात कोणी ऐकून घेणार नाही. पुस्तकबाजारात तो बिनबोभाट चालतो. हजाराची आवृत्ती ही मराठीतली जुनी चाल. वाचकाच्या डोक्यात आवृत्ती म्हणजे अजून तेच हजार. छापणारे कधीच पाचशेवर, तीनशेवर उतरले. आता तर मागणी येईल तशा शंभर प्रतीही काढता येतात. यात गैर काही नाही. गोदामात गठ्ठे कुजण्यापेक्षा ते बरेच. पण प्रती कमी झाल्या की आवृत्त्या वाढतात, आणि वाढलेला आकडा तेवढा मुखपृष्ठावर येतो. ‘आठ दिवसांत दुसरी आवृत्ती’ ही जाहिरात त्यामुळे खोटी नसते. ‘प्रकाशनापूर्वीच पहिली आवृत्ती संपली’ हीसुद्धा नसते. पहिली किती प्रतींची होती तेवढे विचारायचे नाही. एकाच छपाईच्या निम्म्या प्रतींवर ‘पहिली’ आणि निम्म्यांवर ‘दुसरी’ टाकायचे कोणी मनात आणले तर एका पानाची प्लेट बदलली की काम झाले. असे कोण करते, हे आम्हाला माहीत नाही. केले तर पकडायचे कसे, हा प्रश्न आहे.

‘श्यामची आई’चे उदाहरण घ्या. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, २०१० अखेर स्वामित्वहक्क संपला आणि पुढे हे पुस्तक अनेकांनी काढले. प्रत्येकाची मोजणी ‘प्रथमावृत्ती’पासून. १९३५ पासून घराघरांत असलेले पुस्तक दुकानाच्या एकाच फळीवर पहिल्या आवृत्तीत उभे आणि शेजारी परवाची कादंबरी नवव्या आवृत्तीत. आवृत्तीच्या आकड्याला खपाचे माप मानणाऱ्याने यातून काय समजायचे?

अनुवादित पुस्तकांवर तर गंमतच आहे. वेष्टनावर मूळ पुस्तकाच्या जगभरात किती लाख, किती कोटी प्रती खपल्या ते ठळक अक्षरांत. आत, त्याच पुस्तकाच्या मराठी अवताराविषयी फक्त ‘पंधरावे पुनर्मुद्रण’. परदेशातला आकडा छापायला संकोच नाही. घरचा छापायचा म्हटले की तो व्यवसायाचे गुपित होतो.

हे गुपित पूर्वी नव्हते. जुन्या बाजारात स्वातंत्र्यापूर्वीची मराठी पुस्तके चाळली तर कित्येकांवर ‘आवृत्ती दुसरी, प्रती २०००’ अशी सरळ ओळ सापडते. ती छापायला प्रकाशकाला लाज वाटत नव्हती, मग आकडा पाचशेचा असो की पाच हजारांचा. सरकारलाही तो लागत असे. १८६७ च्या पुस्तक-नोंदणीच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची जी माहिती नोंदवायला सांगितली होती तिच्यात नाव, भाषा, लेखक, पाने, किंमत यांच्याबरोबर दोन वेगळे रकाने होते. एक, आवृत्ती कितवी. दुसरा, त्या आवृत्तीच्या प्रती किती. या नोंदींची यादी दर तिमाहीला गॅझेटमधून प्रसिद्ध करायची होती. इंग्रजांना मराठी वाङ्मयाचे प्रेम होते म्हणून नव्हे. १८५७ ला दहाच वर्षे झाली होती, कोण काय छापतो यावर त्यांना नजर हवी होती. पण नजर ठेवणाऱ्यालाही एक गोष्ट कळत होती, की नुसत्या ‘कितवी’वरून काही समजत नाही, ‘किती’ही लागते. अंमल कसा झाला ते सोडा. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. तो नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली आणि तो दुसरा रकानाही गेला. त्यावर एकाही साहित्यसंस्थेचा निषेध आमच्या तरी वाचनात आला नाही.

आकडा छापला तर प्रतिस्पर्ध्याला धंदा कळतो, असे एक उत्तर मिळते. प्रतिस्पर्धी त्याच छापखान्यात जातो आणि त्याच वितरकाशी बोलतो. त्याला आधीच कळलेले असते. कळत नाही ते दोघांना. एक वाचक, तो आवृत्तीच्या आकड्यावर विसंबून पैसे मोजतो. दुसरा लेखक, त्याचे मानधन बहुधा प्रतींवर ठरते. आपल्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या हे जाणून घ्यायला कित्येक लेखकांकडे प्रकाशकाच्या पत्राखेरीज काही साधन नसते. छापलेला आकडा सर्वांत आधी तोच वाचेल. नेमके म्हणूनच तो छापला जात नाही, असे म्हणणे सगळ्यांवर अन्यायाचे होईल. काहींवर होणार नाही.

आणि छापणे अशक्य आहे असेही नाही. गोरखपूरच्या गीता प्रेसची पुस्तिका उघडून पाहा. या वेळी किती प्रती छापल्या आणि आजवर एकूण किती निघाल्या, हे दोन्ही आकडे तिथे असतात. मूठभर रुपयांच्या पुस्तिकेवर जे मिळते ते पाचशे रुपयांच्या कादंबरीवर मिळत नाही. त्यांचा मजकूर कोणाला पटो न पटो, हिशेब उघडा आहे.

खपाच्या याद्यांचेही मूळ हेच. सर्वाधिक खपाची दहा पुस्तके म्हणून जी यादी छापून येते ती एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावरची असते किंवा प्रकाशकाने कळवलेली. तिच्यात पुस्तकापुढे क्रमांक असतो, प्रती नसतात. न्यूयॉर्क टाइम्सची यादीही विक्रीचे आकडे देत नाही. पण घाऊक खरेदीने फुगलेल्या पुस्तकापुढे ती निदान कट्यारीचे चिन्ह तरी टाकते. आपल्याकडे ग्रंथालयांच्या एकगठ्ठा खरेदीत गेलेली आवृत्ती आणि वाचकांनी एकेक करून नेलेली आवृत्ती, दोन्ही सारख्याच दिमाखात ‘संपतात’.

वाचनकट्ट्यांनी एवढे करावे. पुस्तक ठरवताना आवृत्तीचा आकडा मोजू नये. दुकानात किंवा प्रदर्शनात प्रकाशक भेटला की त्याला प्रती विचाराव्यात. आणि प्रकाशकांनी पुढच्या छपाईत ‘आवृत्ती’च्या शेजारी एक शब्द आणि एक आकडा वाढवावा. जागेची अडचण नाही. त्या पानाचा खालचा अर्धा भाग बहुतेक वेळा कोराच असतो.