चौऱ्याण्णव धावांनी काय कळते?

३ मे २०२५ च्या रात्री बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर विरारच्या आयुष म्हात्रेने ४८ चेंडूंत ९४ धावा काढल्या. चेन्नई सुपर किंग्ज तो सामना दोन धावांनी हरले, पण सतरा वर्षांच्या या मुलाचे भविष्य त्या रात्रीच ठरून गेल्यासारखी चर्चा सुरू झाली. जायबंदी ऋतुराज गायकवाडच्या जागी बदली खेळाडू म्हणून त्याला ३० लाखांत घेतले होते. आधीच्या नोव्हेंबरात झालेल्या मोठ्या लिलावात एकाही संघाने त्याला घेतले नव्हते. म्हणजे पाच-सहा महिन्यांत ‘कोणालाच नको’ पासून ‘पुढचा तारा’ पर्यंत मजल गेली, आणि मधल्या काळात मुलगा तोच होता. बदलला होता तो आपल्या हातातला आकडा. माझे म्हणणे असे आहे की ज्या आकड्यामुळे नवा फटकेबाज नजरेत भरतो, तोच आकडा त्याच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल सर्वांत कमी सांगतो. त्याची पारख दुसरीकडे करावी लागते, आणि ती जागा बहुधा कंटाळवाणी असते.

आधी हा आकडा उलगडून पाहू. त्या हंगामात आयुषने आयपीएलचे सात डाव खेळले: ३२, ३०, ७, ९४, ०, ४३ आणि ३४. एकूण २४० धावा, चेंडू १२७, स्ट्राइक रेट १८९ च्या घरात. १२७ चेंडू म्हणजे एकवीस षटकांचा खेळ. रणजीचा एखादा सलामीवीर एका दिवसात याहून अधिक चेंडू खेळतो. यातून बंगळुरूचा डाव वगळला तर सहा डावांत ७९ चेंडू आणि १४६ धावा उरतात. धावांचा वेग तरीही १८४ च्या पुढेच राहतो, म्हणजे वेग हा एका रात्रीचा चमत्कार नव्हता. ही त्याच्या बाजूची गोष्ट. पण डावागणिक सरासरी तेरा चेंडू, तिशी-चाळिशीत संपलेल्या चार आश्वासक सुरुवाती, आणि त्याला आधी कधी गोलंदाजी न केलेले गोलंदाज, हेही त्याच आकड्यांत आहे. दुसऱ्या हंगामात प्रत्येक संघाकडे त्याच्या प्रत्येक फटक्याची चित्रफीत असते, कोणत्या टप्प्यावर तो अडतो याची नोंद असते. पहिला हंगाम गोलंदाज त्याला ओळखण्यात घालवतात. खरी परीक्षा त्यांची ओळख पटल्यावर सुरू होते.

हा पेच फक्त क्रिकेटचा नाही. अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये दर जूनच्या आसपास महाविद्यालयांतले नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून निवडले जातात आणि लांबून बास्केट करणाऱ्या नेमबाजाबद्दल नेमका हाच वाद रंगतो. २०११ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर जिमर फ्रेडेट निवडला गेला. त्या वर्षी महाविद्यालयीन स्पर्धेत सर्वाधिक गुण सरासरी त्याचीच होती आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला होता. त्याच्या लगेच पाठी, अकराव्या क्रमांकावर, क्ले थॉम्पसनचे नाव पुकारले गेले. फ्रेडेट एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये स्थिरावू शकला नाही. थॉम्पसनने गोल्डन स्टेटकडून चार विजेतेपदे जिंकली. दोघांचीही नेम धरण्याची क्षमता वादातीत होती. फरक इतर गोष्टींत होता. थॉम्पसन उंच होता, बचाव करू शकत होता, आणि चेंडू सतत हातात नसतानाही मोकळी जागा शोधून नेम साधत होता. फ्रेडेटला चेंडू हातात लागायचा, आणि व्यावसायिक संघात तो प्रत्येकाच्या हाती येत नाही. तिथले अनुभवी निरीक्षक आणखी एक गोष्ट पाहतात: फ्री थ्रो. ठरावीक अंतर, समोर अडवणारा कोणी नाही, टाळ्या घेणारेही त्यात काही नाही. लांबून टाकलेल्या मोजक्या बास्केटच्या टक्केवारीत नशिबाचा वाटा मोठा असतो. फ्री थ्रोत मनगटाची शिस्त उघडी पडते. म्हणून महाविद्यालयातील तीन गुणांच्या टक्केवारीइतकेच, कधी कधी त्याहून अधिक, वजन या साध्या आकड्याला दिले जाते.

क्रिकेटचा फ्री थ्रो कोणता? माझ्या मते बचाव, विशेषतः आत येणाऱ्या चेंडूचा बचाव. याचा पुरावा विरारच्याच दुसऱ्या मुलाच्या कारकिर्दीत आहे. पृथ्वी शॉच्या आरंभाइतका देखणा आरंभ फार थोड्यांच्या वाट्याला आला. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडकाच्या पदार्पणात शतक, २०१८ मध्ये कर्णधार म्हणून १९ वर्षांखालील विश्वचषक, दिल्लीची १ कोटी २० लाखांची बोली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पणात १३४ धावा. मग डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेड. पहिल्या डावात मिचेल स्टार्कच्या दुसऱ्या चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत, दुसऱ्या डावात पॅट कमिन्सने चार धावांवर त्रिफळा उडवला. दोन्ही वेळा चेंडू बॅट आणि पॅडमधल्या फटीतून आत गेला. समालोचन कक्षात बसलेल्या रिकी पॉन्टिंगने पहिल्या डावातला तो चेंडू पडण्याआधीच ही फट सांगितली होती. पॉन्टिंग दिल्लीच्या आयपीएल संघाचा प्रशिक्षक होता, त्याने शॉला नेटमध्ये जवळून पाहिले होते. ज्यांना पाहायचे होते त्यांना ती फट आधीपासून दिसत होती. आपण बाकीचे धावफलक पाहत होतो. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीत आसामविरुद्ध त्याच पृथ्वीने रणजीत ३७९ धावा काढल्या, पण ॲडलेडनंतर तो पुन्हा कसोटी सामना खेळला नाही. त्याच्या पडझडीची कारणे अनेक होती, तंदुरुस्ती आणि शिस्त यांवरही मुंबई संघाने २०२४ मध्ये बोट ठेवले. तरी खेळापुरते बोलायचे तर दोष २०२० मध्ये जन्मलेला नव्हता.

मुंबईला मोठ्या आकड्यांची भूल जुनीच आहे. हॅरिस शील्डमध्ये १९८८ साली सचिन आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची भागीदारी झाली आणि तेव्हापासून शालेय क्रिकेटमधली प्रत्येक मोठी खेळी त्याच तराजूत टाकली जाते. सरफराज खानच्या ४३९, पृथ्वीच्या ५४६ धावा याच परंपरेतल्या. पृथ्वीने बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी’असिसी शाळेविरुद्ध ३३० चेंडूंत त्या काढल्या. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या, हा विक्रम आजही अबाधित आहे. समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत आटोपला, हे मात्र बातमीच्या तळाशी राहिले. त्या मुलाची मेहनत खरी होती. आपण त्याच्या खांद्यावर ठेवलेले ओझे अवाजवी होते. त्याला मुंबईचा भावी फलंदाज ठरवताना आपण समोर कोण होते हे विचारलेच नाही. आकड्यासोबत प्रतिस्पर्धी, खेळपट्टी आणि सीमारेषेचे अंतर छापायची सवय वृत्तपत्रांनी लावून घेतली असती तर एका पंधरा वर्षांच्या मुलाला बरेच काही सोसावे लागले नसते.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. फ्रँचायझींकडे पैसा आहे, गुणशोधक आहेत, चेंडूगणिक विश्लेषण आहे. ते निवडतात तेव्हा विचार करूनच निवडतात, मग बाहेरच्यांनी शंका का घ्यावी? पण फ्रँचायझीचा प्रश्न वेगळा असतो. येत्या दोन महिन्यांत अमुक जागी हा मुलगा उपयोगी पडेल का, एवढेच तिला हवे असते. हा मुलगा काय होऊ शकतो, हा आपला प्रश्न. चेंबूरच्या सूर्यकुमार यादवकडे पाहा. २०१२ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला एक सामना दिला, तो शून्यावर बाद झाला. पुढे कोलकात्याने त्याला चार हंगाम बहुतेक वेळा खाली, अखेरच्या षटकांत खेळवले. २०१८ मध्ये मुंबईने त्याला परत आणून वर पाठवले तेव्हा एका हंगामात ५१२ धावा झाल्या, आणि भारताची टोपी मिळेपर्यंत त्याने तिशी गाठली होती. कौशल्य तेच, जागा बदलली. यशस्वी जैस्वालची उलटी कथा: विजय हजारे स्पर्धेतल्या द्विशतकानंतर राजस्थानने २०१९ च्या लिलावात त्याला २ कोटी ४० लाखांना घेतले, पहिल्या हंगामात तीन सामन्यांत ४० धावा झाल्या. त्यावरून कोणी निकाल दिला असता तर २०२३ च्या ६२५ धावांना आणि डॉमिनिकातील कसोटी पदार्पणातल्या १७१ धावांना तो काय उत्तर देणार होता?

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. ट्वेंटी-२० हा आता स्वतंत्र व्यवसाय आहे, टिम डेव्हिडसारखा खेळाडू लाल चेंडू जवळपास न खेळता जगभर मागणीत राहतो, मग बचावाचा आग्रह हा जुन्या शिवाजी पार्कचा हट्ट नाही का? अखेरच्या चार षटकांत येणाऱ्या धिप्पाड फिनिशरपुरते हे मी मान्य करतो. सलामीवीराला ते लागू होत नाही. नवा चेंडू ट्वेंटी-२० मध्येही वळतो, उसळतो, आणि पहिल्या दोन षटकांत बाद होणाऱ्याचा स्ट्राइक रेट कोणाच्या कामाचा नसतो. बोरिवलीच्या शाळेत दिनेश लाड यांच्या हाताखाली घडलेला रोहित शर्मा मर्यादित षटकांत सलामीला यशस्वी झाला तो पुल मारता येत होता एवढ्यामुळेच नाही. सुरुवातीचे काही चेंडू सोडण्याचे आणि थोपवण्याचे तंत्र त्याच्याजवळ होते.

या चर्चेचा परिणाम आयुषपुरता राहत नाही. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जाळ्या लावलेली टर्फ उभी राहिली आहेत, आणि मोकळी मैदाने आकसत असताना हजारो मुलांचे क्रिकेट तिथेच घडते आहे. टर्फवर चेंडू हवेत उंच उडवणे हेच कौशल्य ठरते; सोडलेल्या चेंडूला तिथे काही किंमत नाही. आईवडील प्रशिक्षकाला पहिल्याच महिन्यात षटकारांबद्दल विचारतात, कारण वृत्तपत्रांत त्यांनी षटकारच वाचलेले असतात. याच शहरात १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाते. ओल्या, बेभरवशाच्या खेळपट्टीवरचे तीस-पस्तीस धावांचे डाव तिथे मोलाचे मानले जात. नव्या मुलाची पारख करायला याहून स्वस्त आणि प्रामाणिक साधन मुंबईपाशी दुसरे नाही, पण तिथला डाव आज बातमीत येत नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने वयोगटांच्या निवडीत कांगा लीगच्या डावांना स्पष्ट वजन द्यावे, आणि धावांबरोबर खेळलेले चेंडू व बाद होण्याची पद्धतही नोंदवून प्रसिद्ध करावी, ही मागणी अवाजवी नाही.

आता आयुषबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील (बीकेसी) मैदानावर महाराष्ट्राविरुद्ध त्याने १७६ धावा काढल्या. ज्या ऋतुराजची जागा त्याने पुढे घेतली तो त्या सामन्यात समोरच्या संघात होता. त्या रणजी हंगामात आयुषच्या ४७१ धावा झाल्या. त्यांतल्या २९२ दोन शतकांत आल्या, उरलेल्या सगळ्या डावांत मिळून १७९. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यांत त्याला सूर सापडला नाही, आणि लगेच पाठोपाठच्या दोन कसोटींत त्याने १०२, ३२, ८० आणि १२६ असे डाव खेळले, मालिकेत ३४० धावा. पुढे डिसेंबरातल्या १९ वर्षांखालील आशिया चषकात बॅट पुन्हा शांत झाली आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला १९१ धावांनी हरवले. त्या आठवड्यात अनेकांनी त्याला मोडीतही काढले, ते मे महिन्यातल्या जयजयकाराइतकेच उतावळे होते. बीकेसीवर त्याने संयमाने मोठा डाव उभारला आणि इंग्लंडमध्ये हवेत आणि सीमवर हलणाऱ्या ड्यूक चेंडूसमोर, पांढऱ्या चेंडूवरील अपयश मागे टाकून पंधरवड्यात स्वतःला सावरले. बंगळुरूच्या ९४ पेक्षा मी या दोन गोष्टींवर भरवसा ठेवतो, आणि त्यांच्या आधारे तो दीर्घकाळ टिकणारा फलंदाज आहे असे माझे मत आहे. सातत्याची बाजू अजून कच्ची आहे, तिचा निकाल रणजीच्या आणखी दोन पूर्ण हंगामांनंतर लावता येईल. निवड समितीने आणि वाचकांनी तेवढा अवधी त्याला द्यावा.