शोध लागला, पण आई ते पाणी पाजते का?

१९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतल्या डेव्हिड नलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध छापला. कॉलराच्या रुग्णाला ग्लुकोज आणि क्षारांचं पाणी तोंडावाटे दिलं, तर सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते, हे त्यात दाखवलं होतं. १९७१च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन कमी पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांखाली आणलं.

या पाण्याची, म्हणजे जलसंजीवनीची, गोष्ट बहुतेकदा इथेच संपवतात. तसं करणं अन्यायाचं आहे, कारण खेड्यातलं मूल जुलाबाने मरतच होतं.

पुढचं संशोधन ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेने केलं. गावात जलसंजीवनीच्या तयार पुड्या मिळत नव्हत्या. म्हणून कृती ठरली ती घरातल्या जिनसांची: अर्धा शेर पाणी, तीन बोटांच्या चिमटीएवढं मीठ, मूठभर गूळ. कार्यकर्त्या घरोघर जात, आईकडूनच ते पाणी करवून घेत आणि त्याचे नमुने तपासणीला पाठवत. नुसतं करून दाखवण्यापेक्षा तिच्या हातून करवून घेतलेलं पक्कं ठसतं, हे लवकरच कळलं. काही आठवड्यांनी दुसरंच कोणीतरी जाऊन पाही, तिला किती आठवतंय. कार्यकर्तीचा पगार त्यावर ठरे.

बायकांना कृती तोंडपाठ होती. तरी मुलाला जुलाब झाले की पाणी पाजणाऱ्या फारच थोड्या निघाल्या. संस्थेने या अपयशाचाही अभ्यास केला, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगातला हाच सर्वांत मोलाचा भाग. दोन कारणं सापडली. कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत. आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी काम कसं करतं ते दाखवलं, तर पुरुषांशी मशिदीत आणि बाजारात बोलणी सुरू झाली. १९९०पर्यंत ही मोहीम सव्वा कोटीच्या आसपास घरांत पोचली. जुलाबात जलसंजीवनी देण्यात बांगलादेश आज जगात आघाडीवर आहे.

या कामातून नवं औषध निघालं नाही, पेटंटही नाही. त्यामुळे अशा अभ्यासाला पैसा आणि मान दोन्ही तोकडे मिळतात. जगात अजूनही दरवर्षी पाच वर्षांखालची ४ लाखांहून अधिक मुलं अतिसाराने दगावतात, आणि उपाय तर पन्नास वर्षांहून जुना आहे. गरीब देशांतल्या आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्यांनी प्रयोगशाळेइतकाच खर्च महिन्याभराने पुन्हा त्याच दारात जाऊन विचारपूस करणाऱ्या माणसांवर करायला हवा. तिथे मिळालेलं उत्तर निराशाजनक असलं, तरी ते छापायलाही हवं.