डिझेलची काटकसर कोणाच्या पदरात?

२० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकने अनेक वाहनांना ठोकरले. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. चालकाच्या बेफिकिरीवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले, आणि ते अनाठायी होते असे नाही. परंतु ज्या धंद्यात चार-दोन लिटर डिझेलसाठी माणसे स्वतःचा व परक्याचा जीव टांगणीला लावतात, त्या धंद्याच्या जमाखर्चाची वही उघडून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, ही बचत बहुतांशी भ्रामक आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर चाकेच इंजिन फिरवतात. इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो आणि इंजिन ब्रेकच्या मदतीला येते. न्यूट्रलमध्ये चालू ठेवलेले इंजिन मात्र डिझेल पीतच राहते. ते बंद केले तर ब्रेकसाठी लागणारी हवा नव्याने भरली जात नाही. आपल्या कामगार संघटनांनी ही साधी गोष्ट प्रत्येक ट्रक-अड्ड्यावर जाऊन सांगितली पाहिजे.

खरी काटकसर निराळी आहे. टायरमधली हवा योग्य ठेवणे, एअर फिल्टर वेळेवर साफ करणे, क्लचवर पाय ठेवून गाडी न चालवणे, वेग बेताचा व एकसारखा राखणे, रांगेत उभे असताना इंजिन बंद करणे. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था असाच उपदेश करीत आली आहे. उपदेश योग्यच आहे. प्रश्न आहे तो त्याच्या मर्यादेचा.

एक साधे गणित मांडू. स्वतःची एकच गाडी स्वतःच चालवणारा एक मालक १,२०० किलोमीटरवर माल घेऊन जातो. लिटरला ४ किलोमीटरचे ॲव्हरेज धरले, तर ३०० लिटर डिझेल लागते. कमालीची काळजी घेऊन त्याने ॲव्हरेज ४.४ वर नेले, तर सुमारे २७ लिटर वाचतात. लिटरला ९० रुपये धरले, तर ही बचत २,४०० रुपयांच्या आसपास जाते. आता परतीचे भाडे मिळाले नाही असे समजा. रिकाम्या गाडीला ६ चे ॲव्हरेज धरले, तरी २०० लिटर, म्हणजे १८,००० रुपये, रस्त्यावर सांडतात. सात फेऱ्यांची काटकसर एका रिकाम्या फेरीत बुडते! आणि परतीचा माल मिळणे न मिळणे चालकाच्या पायाखालच्या पेडलवर अवलंबून नसते. ते हुंडेकऱ्याच्या मर्जीवर असते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ज्या बाजारात सेवा विकणारे असंख्य व विखुरलेले असतात आणि घेणारे मोजके, तेथे खर्चातली बचत फार काळ विकणाऱ्याकडे राहत नाही. सर्वांनी डिझेल वाचवले की दलाल तितके भाडे खाली ओढतो, कारण हप्ता थकलेला कोणीतरी कमी दरात गाडी भरायला तयार असतोच. व्यक्तीची काटकसर अशा रीतीने वर्गाची कमाई न ठरता माल पाठविणाऱ्याचा नफा ठरते. डिझेल महागले की मात्र तो बोजा बराच काळ गाडीमालकाच्याच अंगावर राहतो.

राज्यसंस्थाही येथे तटस्थ नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, तेव्हा जागतिक स्वस्ताईचा लाभ ग्राहकाला मिळेल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढले. मे २०२० मध्ये टाळेबंदीत गाड्या उभ्या असताना ते लिटरला १३ रुपयांनी वाढवून ३१.८३ रुपयांवर नेण्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये १० व मे २०२२ मध्ये ६ रुपयांची कपात झाली खरी. पण घाटात क्लच सांभाळून वाचवलेला पैसा तोवर सरकारी तिजोरीत जमा झाला होता.

तेव्हा केवळ ‘डिझेल स्वस्त करा’ ही मागणी आपल्याला पुरेशी वाटू नये. स्वस्त डिझेलचा लाभही असंघटित गाडीमालकाच्या हातून निसटेल. मागणी अशी हवी की, भाड्याच्या करारातच इंधनाच्या दराशी जोडलेले कलम असावे: डिझेल वाढले की भाडे आपोआप वाढावे. त्याच्या जोडीला गाडीमालकांच्या सहकारी संस्था उभ्या राहाव्यात. परतीच्या मालाची नोंदणी त्यांनी एकत्र करावी. मोठ्या वाहतूक कंपन्यांना पंपावर जी सवलत मिळते, ती एकत्रित खरेदीच्या बळावर मिळवावी.

संघटनेचे बळ काल्पनिक नाही. डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात हिमाचल प्रदेशात भाड्याच्या दरावरून दोन सिमेंट कारखाने दोन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले. अखेर ट्रकमालकांच्या संघटनांना दरात काही कपात सोसावी लागली. पण दर ठरला तो वाटाघाटीच्या मेजावर. मात्र संघटनाच मक्तेदार होऊन बाहेरच्या गरीब गाडीवाल्याला अडवू लागली, तर तीही शोषकच ठरेल, हे आपण आपल्या लोकांना बजावले पाहिजे.

डिझेल जरूर वाचवावे. ते राष्ट्राचे परकीय चलन आहे आणि आपल्या मुलाबाळांची हवाही आहे. पण वाचवणाऱ्याच्या घरात त्यातला न्याय्य हिस्सा पोहोचावा, एवढी व्यवस्था करणे हे समाजवाद्यांचे काम आहे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा मोह उपदेशाने काही अंशी कमी होईल. तो नाहीसा होईल तो भाडे पुरेसे मिळू लागल्यावरच.