पुढचा लॉकर आधी नको

पावसाळा तोंडावर आला की जव्हार-मोखाड्याच्या चिखलवाटांसाठी गाड्या सजू लागतात, आणि त्याबरोबर एक मत ठासून मांडलं जातं: दोन्ही एक्सलला लॉकर हवाच, आणि पैसे एकाचेच असतील तर तो पुढे बसवा, कारण गाडीला वर ओढतात ती पुढची चाकं. हे मत चुकीचं आहे. निदान या दोन तालुक्यांच्या जमिनीवर तरी ते टिकत नाही.

त्यातलं खरं आधी मान्य करायला हवं. साधं, उघडं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखा जोर देतं. एक चाक शेवाळलेल्या कातळावर गरगरू लागलं की त्याला फिरवायला लागतो तेवढाच अल्प जोर पक्क्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला मिळतो, आणि गाडी जागची हलत नाही. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो आणि पकड असलेल्या चाकाला कामाला लावतो. फोर्स मोटर्सची गुरखा तर दोन्ही एक्सलला लॉक घेऊनच कारखान्यातून बाहेर पडते. पूर्वपक्षाचा हा सर्वांत भक्कम दाखला.

पण तो दाखला नीट वाचला पाहिजे. गुरखाची लॉकं चालकाच्या हातात आहेत. लागतील तेव्हा लावायची, काम झालं की सोडायची. पुढचं लॉक कधीमधी उपयोगी पडतं एवढंच त्यावरून सिद्ध होतं. ते आधी हवं, हे सिद्ध होत नाही.

चढाचं गणित उलटंच आहे. गाडी चढाला लागली की वजन मागे सरकतं. पुढची चाकं हलकी होतात, मागची जमिनीत रुततात. पकड जिथे वजन तिथे, म्हणून पहिला लॉकरही तिथेच. महिंद्राने 2015 मध्ये थारला यांत्रिक लॉक दिलं ते मागच्या एक्सलला. 2020 ची नवी थार आली तेव्हाही ते मागेच राहिलं. मागच्या दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की ते आपोआप लागतं. पुढे मात्र कंपनीने घसरत्या चाकाला ब्रेक लावून काम भागवलं.

आता वळण. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेली गाडी भाताच्या बांधाला वळसा घालून पूर्ण माघारी फिरली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 4.7 मीटर जास्त चालतं. एक्सल जखडलेला असेल तर हा फरक चाकांनी फरफटत भरून काढायचा. लाल चिखलात ते जमतं. चिखलाखाली कातळ लागला की टायर घसरत नाही आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. मागचा शाफ्ट सरळ असतो, तो बराच ताण सोसतो. पुढचा शाफ्ट स्टिअरिंगबरोबर वाकलेला असतो, आणि पूर्ण वळलेल्या चाकाचा जॉइंट सर्वांत कमजोर असतो तो नेमका त्याच क्षणी.

आडव्या उतारावर प्रश्न आणखी गंभीर होतो. डोंगराच्या कुशीतून जाणारी, दरीकडे कललेली, पावसाने गुळगुळीत झालेली वाट डोळ्यांसमोर आणावी. उघड्या डिफरन्शियलवर पुढचं एक चाक गरगरतं, दुसरं संथ फिरत जमीन धरून ठेवतं आणि नाक सरळ राहतं. पुढचं लॉक लावलेलं असेल तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि नाक खाली घसरतं. खाली कुणाची तरी नागली किंवा वरई उभी असते.

ही अक्कल गावाला नवी नाही. चिखलणीला ट्रॅक्टर रुतला की चालक डिफरन्शियल लॉकचा पेडल टाचेने दाबतो, गाडी सरळ बाहेर काढतो आणि वळण्याआधी पाय उचलतो. ते लॉक मागच्या चाकांचं असतं.

उघड्या डिफरन्शियलवर चाकं गरगरतात आणि वाटेत चर पडतात, असा एक आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण त्याचा बंदोबस्त मागचा लॉकर आणि कमी हवा मिळून करतात. चिखलात टायर 18-20 पीएसआयवर आणले की जमिनीला टेकणारा भाग वाढतो. परतताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर पुरतो.

म्हणून क्रम असा: आधी चांगले टायर, मग मागे हवं तेव्हा लावता येणारं लॉक, आणि पुढचं डिफरन्शियल उघडंच. 1985 पासून बनलेली मारुती जिप्सी दोन्हीकडे उघडी डिफरन्शियल घेऊनच सैन्यात दशकानुदशकं राबली. ज्याला पुढे काही बसवायचंच आहे त्याने गिअरचं लिमिटेड स्लिप घ्यावं. चाक हवेत गेलं तर त्याचा जोर ओसरतो, पण ब्रेकवर हलका पाय ठेवला की पुन्हा मिळतो. पुढच्या डिफरन्शियलचे गिअर वेल्ड करून ते कायमचं जखडण्याचा स्वस्त उपाय मात्र कुणीही करू नये.

हा वाद केवळ हौशी मंडळींचा नाही. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्यातल्या मरकटवाडीत रस्ता नव्हता म्हणून एका बाळंतिणीला डोलीतून न्यावं लागलं. तिची जुळी बाळं दगावली. अशा तालुक्यात एकेरी वाटेवर पुढचा जॉइंट मोडून आडवी पडलेली गाडी मागून येणाऱ्या रुग्णाची वाट अडवते.

ज्यांनी पुढे लॉकर आधीच बसवला आहे, त्यांनी तो काढण्याची गरज नाही. सरळ चढावर, मागचं लॉक लावूनही गाडी हलत नसेल तेव्हाच तो लावावा, आणि स्टिअरिंग वळवण्याआधी सोडावा.